जुन्या मॉडेल विमानाचा रंग उतरवताना: प्लॅस्टिकला धक्का न लावता

रंग उतरवताना मॉडेल खराब होतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक, कुणीतरी लॅकर थिनर किंवा अ‍ॅसिटोन सुचवतं आणि रंगाच्या आधी पंखच विरघळायला लागतो. दोन, रंग निघत नाही म्हणून माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो. घासून रंग निघतोही, पण त्याच्याबरोबर रिव्हेट आणि पॅनेलच्या रेषाही जातात. जुन्या किटमध्ये या रेषा बऱ्याचदा खोदलेल्या नसून उठावाच्या असतात. एकदा घासल्या की गेल्या.

म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: सौम्य रसायन, भरपूर वेळ आणि हलका हात. जोर लावावासा वाटला तर समजा की भिजवण्याचा वेळ कमी पडलाय किंवा रसायन चुकलंय.

हे सगळं पॉलिस्टायरीनच्या किटसाठी आहे, म्हणजे साच्यातून आलेले भाग फ्रेममधून कापून सिमेंटने, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाने, चिकटवायचे असतात ते. धातूची डाय-कास्ट विमानं आणि बाल्सा लाकडाची उडती मॉडेलं यांचा मार्ग वेगळा. त्यांना इथली रसायनं लावू नका.

## १. प्लॅस्टिक नक्की कोणतं, ते बघा

बहुतेक किट पॉलिस्टायरीनचीच असतात, पण सगळी नाही. अगदी सुरुवातीची काही किट सेल्युलोज अ‍ॅसिटेटची होती. फ्रॉग कंपनीची १९३६ पासूनची ‘पेंग्विन’ मालिका हे त्याचं ठळक उदाहरण. अ‍ॅसिटेट वयाबरोबर वाकतं, पीळ खातं आणि कधीकधी त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. पंख असे वेडेवाकडे झालेले दिसले आणि मॉडेल खूप जुनं असेल, तर त्याला कॉस्टिक सोडा लावायचाच नाही. कॉस्टिक अ‍ॅसिटेटला खातो. तसं मॉडेल कोमट साबणपाण्याने साफ करून आहे त्या रंगातच ठेवणं शहाणपणाचं.

पॉलिस्टायरीनचंही वय होतं. उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक पिवळट आणि ठिसूळ होतं. अँटेना, पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी), चाकाचा दांडा यांतलं काही आधीच तुटलेलं असेल, तर बाकीचे बारीक भागही त्याच वाटेवर आहेत असं धरून चाला.

तपासा: चाकांचे टायर वेगळ्या, मऊ प्लॅस्टिकचे आहेत का? नाकात वजनासाठी शिशाचे छर्रे किंवा खिळे भरलेत का? मॉडेल हळूच हलवून आवाज ऐका. पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली आहे का? टायर आणि फॉइलची उत्तरं पुढे लागणार आहेत.

## २. रंग ओळखा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि पुढचा गोंधळ इथूनच सुरू होतो. चाचणीची जागा लपलेली निवडा: चाकाच्या खोबणीत किंवा पंखाच्या खालच्या बाजूला, बुंध्याजवळ.

एक इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा आणि अर्धा मिनिट हलकेच फिरवा. अल्कोहोल ९० टक्क्यांच्या वरचं हवं. जखमा पुसायचं ७० टक्क्यांचं चालतं, पण फार सावकाश.

- बोळ्यावर रंग पटकन उतरला, किंवा रंग रबरासारखा सुरकुतला, तर तो अ‍ॅक्रिलिक.
- काहीच झालं नाही आणि मॉडेल जुनं आहे, तर बहुधा इनॅमल. कित्येक वर्षं छंदी लोकांच्या टेबलावर हंब्रोल, टेस्टर्स यांचे इनॅमलचे छोटे डबेच असायचे.
- रंग जरासा चिकट होतो पण सुटत नाही, तर लॅकर असू शकतो, किंवा वर वार्निशचा थर आहे.

इनॅमलबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: इनॅमल टर्पेंटाइनमध्ये पातळ होतं, म्हणजे टर्पेंटाइननेच निघेल. ओला असताना निघतो. पण इनॅमल नुसता वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन त्याची जाळी विणली जाते. काही वर्षं झालेल्या थराला टर्पेंटाइन दाद देत नाही. उलट ते सांध्यांमध्ये मुरतं आणि ताणाखाली असलेलं जुनं प्लॅस्टिक तडकवतं.

एकाच मॉडेलवर दोन-तीन प्रकारचे रंग असणंही नेहमीचं आहे. मूळ मालकाने इनॅमल मारलेलं असतं, नंतरच्या कुणीतरी अ‍ॅक्रिलिकने डागडुजी केलेली असते. म्हणून चाचणी तीन-चार ठिकाणी घ्या.

## ३. आधी नोंदी, मग पाणी

रंग गेल्यावर जुन्या खुणा परत मिळत नाहीत. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. डेकल (चिकटवलेली अंक-खुणांची चित्रं) जपायची इच्छा असली तरी रंगासोबत ती जातात, हे मान्य करा. ट्रेसिंग पेपर ठेवून अंक, पट्टे आणि गोल खुणा उतरवून घ्या. जागेची मापं कशापासून घेतली तेही लिहा, उदाहरणार्थ पंखाच्या टोकापासून किती मिलिमीटर.

पुट्टी कुठे भरलेली आहे तेही लिहून ठेवा. रसायनात जुनी पुट्टी मऊ होऊन निघू शकते. मग अचानक दिसलेली फट पाहून लोक समजतात की प्लॅस्टिकच वितळलं.

## ४. जितकं सहज सुटेल तितकंच सुटं करा

चाकं, प्रोपेलर, बॉम्ब, अँटेना असे बाहेरचे भाग आधी काढा. टायर वेगळे करा, ते रसायनात जाणार नाहीत. फॉइल असेल तर सोलून घ्या.

ट्यूबमधल्या घट्ट सिमेंटने जोडलेले जुने सांधे कधीकधी थंडीने सुटतात. मॉडेल पिशवीत बांधून काही तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर सांध्याच्या रेषेत पातळ, बोथट पातं सरकवून हलकेच पिळा. कट्ट आवाज येऊन सांधा उघडतो. सुपरग्लूचे सांधेही थंडीत ठिसूळ होतात. मात्र पातळ सिमेंटने जोडलेला सांधा हा सांधा राहिलेलाच नसतो. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक वितळून एकजीव झालेलं असतं. तिथे पातं घालून फक्त नवीन भेग मिळेल.

सावध: थंड प्लॅस्टिक स्वतःही ठिसूळ असतं. दोन प्रयत्नांत सांधा उघडला नाही तर सोडून द्या. पूर्ण जोडलेल्या मॉडेलचा रंगही उतरवता येतो.

कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, शक्य असेल तर नक्की काढा. पांढऱ्या गोंदाने बसवली असेल तर कोमट पाण्यात सुटते. निघतच नसेल तर पुढे सगळं मॉडेल बुडवू नका, भागाभागाने काम करा.

मॉडेलची कुडी, म्हणजे विमानाचं मधलं धड, बंद असेल तर आत द्रव शिरणार, हे गृहीत धरा. शेपटीच्या चाकाच्या खोबणीत किंवा अशाच लपलेल्या जागी १ मिलिमीटरचं एक भोक हाताच्या ड्रिलने पाडा, आणि दुसरं नाकाच्या बाजूला. एकातून द्रव बाहेर येईल, दुसऱ्यातून हवा आत जाईल. हे भोक न पाडल्यामुळे पुढे नवीन रंगाचं काय होतं ते आठव्या टप्प्यात येईलच.

## ५. रसायन निवडा

अ‍ॅक्रिलिकसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिली पसंती हीच. बहुतेक अ‍ॅक्रिलिक अर्ध्या तासापासून काही तासांत सैल पडतं. लॅकरवरही ९९ टक्क्यांचं अल्कोहोल चालवून बघता येतं, पण लॅकरने प्लॅस्टिकची वरची कातडी थोडी विरघळवलेली असते, त्यामुळे रंगाची छटा मागे राहते. ती राहू द्या. अल्कोहोल पेटतं, वाफाही पेटतात. ज्योत, हीटर, सिगारेट खोलीत नको. आणि पारदर्शक भाग यात घालायचे नाहीत. ताणाखाली असलेल्या पारदर्शक पॉलिस्टायरीनमध्ये अल्कोहोलने केसासारख्या तडा उठतात, त्या पॉलिशनेही जात नाहीत.

इनॅमलसाठी कॉस्टिक सोडा. नाव ऐकून लोक बिचकतात, पण प्लॅस्टिकच्या दृष्टीने हा सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे. इनॅमलच्या जाळीत एस्टर बंध असतात. अल्कली ते तोडतो, साबण तयार होताना होते तीच ही क्रिया. पॉलिस्टायरीनमध्ये असे बंधच नाहीत, त्यामुळे त्याला काही होत नाही. धोका प्लॅस्टिकला नाही, तुमच्या डोळ्यांना आणि कातडीला आहे.

द्रावण ५ टक्क्यांच्या आसपास पुरतं: १ लिटर गार पाण्यात ५० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. थोडा थोडा टाका आणि ढवळत राहा. द्रावण चांगलंच गरम होतं. ते पूर्ण थंड होईपर्यंत मॉडेल हातातही घेऊ नका. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि पातळ पंख वाकायला त्याहून कमी उष्णता पुरते.

ओव्हन क्लीनरचा फेसही हेच काम करतो, मात्र लेबलवर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडाच, लिहिलेलं असेल तरच. ‘बिनवासाचा’ म्हणून मिळणाऱ्या काही प्रकारांत ते नसतं, आणि मग दोन दिवस वाट पाहूनही रंग तसाच असतो.

कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून फॉइल आधी सोलायची, भांडंही अ‍ॅल्युमिनियमचं नको. सुपरग्लूचे सांधेही यात ढिले होतात.

ब्रेक फ्लुइड. हा उपाय सगळीकडे सुचवला जातो. मी शेवटी ठेवतो. डॉट ३ किंवा डॉट ४ चालतं, ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं. डॉट ५ सिलिकोनचं असतं, त्याचा रंगावर परिणाम होत नाही. गंमत अशी की डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच आहे. लेबल नीट वाचा. काम होतं, पण हे तेलकट द्रव सांध्यांतून पूर्ण धुऊन काढणं कठीण, एखादा थेंब टेबलावर सांडला तर तिथलं पॉलिश उचलतो, आणि ठिसूळ प्लॅस्टिक त्यात आणखी ठिसूळ होऊ शकतं. कॉस्टिकने दाद न दिलेल्या हट्टी थरासाठीच ते राखून ठेवा.

क्रोम मुलाम्यासाठी साधं ब्लीच. चकचकीत चांदीसारखे भाग रंगवलेले नसतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. घरगुती ब्लीचमध्ये तो बघता बघता उतरतो. खाली पिवळसर लॅकर उरतो, तो नंतर वेगळा काढावा लागतो.

हे कधीच वापरू नका: अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, लॅकर थिनर, टोल्युइन, घरच्या दारं-खिडक्यांसाठीचं पेंट रिमूव्हर.

हे कधीच एकत्र करू नका: ब्लीच आणि अमोनिया असलेला काच क्लीनर, ब्लीच आणि कोणतंही आम्ल, ब्लीच आणि अल्कोहोल, तिन्हींतून विषारी पदार्थ तयार होतात. ब्रेक फ्लुइड आणि पोहण्याच्या तलावात टाकायची क्लोरीन पावडर एकत्र आली तर काही वेळाने आपोआप आग लागते, त्यामुळे दोन्ही एका कपाटातही नकोत. एका रसायनाकडून दुसऱ्याकडे जाताना मॉडेल साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा.

## ६. मांडणी आणि भिजवणं

झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी त्रिकोणात ५ किंवा २ हा आकडा असलेला. ६ आकड्याचा डबा म्हणजे पॉलिस्टायरीन, तो टाळा. मोठ्या विमानासाठी झिपलॉक पिशवी जास्त सोयीची: हवा काढून बंद केली की थोड्या द्रवातही सगळा भाग ओला राहतो. पिशवी गळण्याच्या भीतीने डब्यात ठेवा.

नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना सगळीकडून बंद गॉगल, लांब बाह्या. खिडकी उघडी. कॉस्टिक कातडीला लागला तर भरपूर पाणी, व्हिनेगर नाही. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटं सतत पाण्याखाली धरा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

आधी भाग साबणपाण्याने धुवा. वर्षांची धूळ आणि बोटांचं तेल रसायन अडवतात. वरच्या वार्निशचाही अडथळा होतो. वार्निश अ‍ॅक्रिलिकचं आणि खालचा रंग इनॅमलचा असेल तर आधी अल्कोहोल, मग धुणं-वाळवणं, मग कॉस्टिक.

पहिला भाग कमी महत्त्वाचा निवडा: एखादी इंधनटाकी किंवा बॉम्ब. तो नीट बाहेर आला तरच पंख आणि कुडी घाला.

बघण्याच्या वेळा साधारण अशा: अल्कोहोलमध्ये दर अर्ध्या तासाने, आणि रात्रभर बेवारस ठेवू नका. कॉस्टिकमध्ये पहिल्यांदा दोन तासांनी, नंतर सकाळ-संध्याकाळ. जाड थराला दोन दिवसही लागतात. ब्रेक फ्लुइडमध्ये रोज एकदा.

तपासा: दर वेळी भाग काढून नखाने कडेला हळूच दाबा. प्लॅस्टिक मऊ, चिकट किंवा पांढुरकं वाटलं तर ताबडतोब काढून धुवा. रंग पापुद्र्यासारखा उचलला जात असेल किंवा चिखलासारखा सुटत असेल तर पुढच्या टप्प्याला जा. तसाच घट्ट असेल तर परत बुडवा. ब्रश आताच उचलायचा नाही.

## ७. ब्रशचं काम

मऊ टूथब्रश, आणि भाग पाण्याच्या वर न धरता उथळ तसराळ्यात पाण्याखाली धरायचा. दोन फायदे: शिंतोडे डोळ्यांकडे उडत नाहीत, आणि सुटलेला रंग पुन्हा चिकटत नाही. ब्रश पॅनेलच्या रेषेच्या दिशेने चालवा, आडवा नाही. कोपऱ्यांत लाकडी टूथपिक, खोबणीत इअरबड. धातूची सुई, तारेचा ब्रश, ब्लेड यांना हात लावू नका. मऊ पडलेल्या रंगाखाली प्लॅस्टिक कुठे सुरू होतं ते हाताला कळत नाही.

साठ-सत्तर टक्के रंग निघाला की थांबा, धुवा आणि परत भिजत घाला. एकाच बैठकीत संपवायच्या नादात बारीक भाग मोडतात. मोडलाच तर लगेच उचलून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. तसराळं रिकामं करताना मोरीवर बारीक गाळणी धरा, नाहीतर पिटो ट्यूब पाण्याबरोबर जाईल.

कोरडं घासून रंग काढायचा मोह पुन्हा होईल. काही जुन्या रंगद्रव्यांत, विशेषतः पिवळ्यात, शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासात जाते. घासायचंच असेल तर वॉटर पेपर आणि पाणी.

कॅनोपीचं काम वेगळं. साबणपाणी, मग टूथपिकने चौकटीवरचा रंग उचलून बघणं. अ‍ॅक्रिलिक असेल तर अमोनियावाला काच क्लीनर थोडा वेळ. इनॅमल असेल तर कॉस्टिकचं तेच द्रावण, दर १५ मिनिटांनी बघत. ट्यूबच्या सिमेंटचे डाग मात्र रंग नसतात, वितळलेलं प्लॅस्टिक असतं; ते कुठल्याच द्रवाने निघणार नाहीत. तिथे बारीक वॉटर पेपर आणि प्लॅस्टिक पॉलिशच लागतं.

## ८. धुणं आणि वाळवणं

भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, कोमट पाणी, आणि ब्रेक फ्लुइड वापरलं असेल तर हेच निदान तीन वेळा. कुडीतलं पाणी भोकातून आत-बाहेर खेळवा. बाहेर येणारं पाणी फेसाळ किंवा निसरडं आहे तोवर धुणं संपलेलं नाही.

मग टिश्यूवर, भोक खाली करून, दोन दिवस. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही. आत अडकलेलं द्रव हे फसलेल्या पुनर्रंगणाचं सगळ्यात मोठं कारण आहे: नवीन रंग सुंदर बसतो, आणि आठवड्याभराने पंखाच्या बुंध्याशी फोड येतात, कारण सांध्यातून ब्रेक फ्लुइड पाझरत असतं. सांध्यावर टिश्यूची घडी दाबून रात्रभर ठेवा. सकाळी डाग दिसला तर पुन्हा धुवा.

## ९. किती साफ म्हणजे साफ?

दिवा एका बाजूने, जवळजवळ सपाट कोनात धरून बघा. रेषांमध्ये राहिलेली रंगाची छटा चालते, प्राइमर ती झाकतो. चालत नाही ती जाडी: नखाला पायरी लागत असेल, किंवा रेष भरून गेलेली दिसत असेल, तर तेवढ्याच जागी पुन्हा रसायनाचा बोळा ठेवा. प्लॅस्टिक कोरं दिसेपर्यंत घासत बसणाऱ्यांनी उठावाच्या रेषा सर्वांत जास्त घालवल्या आहेत.

जुन्या लाल रंगाची छटा राहिली असेल, किंवा किटच लाल प्लॅस्टिकचं असेल, तर तेवढं लक्षात ठेवा. लाल रंग वरच्या पांढऱ्यातून गुलाबी होऊन वर येऊ शकतो. तिथे प्राइमरवर आधी चंदेरी थर द्यावा.

चिकटवण्याची घाई नको. भिजलेलं प्लॅस्टिक दोन-चार दिवस मोकळ्या हवेत राहू द्या, मग सांधे जोडा, पुट्टी भरा. प्राइमरचा पहिला पातळ थर पंखाच्या खालच्या बाजूला मारा, एक दिवस थांबा, त्यावर मास्किंग टेप दाबून ओढा. टेपला प्राइमर आला तर धुणं कमी पडलंय. पुन्हा आठवा टप्पा.

## १०. उरलेल्या द्रवाचं काय

अल्कोहोल बंद बरणीत दोन दिवस ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं निवळ ओतून परत वापरा. ब्रेक फ्लुइड मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही. बाटलीत भरून, नाव लिहून, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. कॉस्टिकमधले रंगाचे पापुद्रे गाळून घ्या, वाळवून तेही घातक कचऱ्यात. गाळलेलं द्रावण भरपूर पाण्याने पातळ करून मगच सोडा, आणि त्या मोरीत त्या दिवशी ब्लीच किंवा आम्ल टाकू नका.